‘पोचलोच’मधला ‘च’

इंगोले सरांना ‘च’ सहन होत नसे.

तसा माणूस सोशिक. भाजीत तिखट जास्त झालं तरी चकार शब्द काढायचे नाहीत. भर मे महिन्यात लाइट गेली तरी कुरकुर नाही. पण कोणी ‘आलोच’ म्हटलं की त्यांच्या कपाळाची शीर उठायची. “आलोच म्हनजे काय बापा? आला का नाई आला?” समोरचा बिचारा गोंधळून जायचा, कारण ‘आलोच’ म्हणजे काय हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. ‘आलोच’ म्हणजे अजून यायचाय. ‘निघालोच’ म्हणजे अंघोळीचं पाणी तापतंय. ‘पोचलोच’ म्हणजे मधे अजून दोन गावं आहेत. ‘वाढलंच’ म्हणून कोणी ताटावर बसवलं, तर समजावं की कुकरची शिट्टी व्हायची आहे.

मी भाषा शिकवणारी बाई. मला तर या ‘च’चं कौतुकच वाटायचं. एवढंसं अक्षर, पण न झालेलं काम झालं म्हणून सांगतं आणि कोणी त्याला खोटं म्हणत नाही. सरांशी मी यावरून तावातावानं भांडले आहे. ते एवढंच म्हणायचे, “मॅडम, घरी म्हना. दुकानात म्हना. रेडिओवर नाई.” आणि मी मनातल्या मनात म्हणायची, या माणसाला काही कामधंदा नाही. पुढं एक दिवस असा आला की दोन माणसं घाटाखाली पडली होती आणि माझ्या फळ्यावर ती सुखरूप पोचलेली होती. ते सांगायचं आहे, पण आधी सर कोण ते सांगते, नाहीतर त्या दिवसाचा अर्थ लागणार नाही.

नामदेव इंगोले मूळ वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीचे. तरुणपणी एसटीत ड्रायव्हर. मग कोणाच्या तरी ओळखीनं एका आंतरराष्ट्रीय मदत संस्थेत लागले आणि परदेशी गेले. जिथं लढाया चालू आहेत तिथं धान्याचे आणि औषधांचे ट्रक न्यायचे, हे काम. पुढं ते तिथल्या नव्या ड्रायव्हरांना शिकवायला लागले, आणि मग सगळ्यांनाच शिकवायला लागले. डॉक्टर, नर्स, पंप बसवणारे मेकॅनिक, कारकून. हातात बंदूक नसलेल्या माणसानं बंदुकांच्या मुलखात कसं वागायचं, कसं बोलायचं आणि जिवंत घरी कसं यायचं, त्याचं शिक्षण. अठरा वर्षं त्यात काढून ते गावी परतले. संस्थेनं विचारलं, इकडची माणसं बाहेर पाठवण्याआधी पाच दिवस तुमच्याकडे ठेवू का? सरांनी शेतातलं टिनाचं गोडाऊन रिकामं केलं. दिल्लीहून पाहणीला आलेल्या साहेबांनी चारी बाजूंना बघून विचारलं होतं, इथं आहे काय? सर म्हणाले, “काहीच नाई. म्हनून तर बोलावलं.” ऊन होतं, धूळ होती, शेजारी घाट होता आणि मोबाइलला रेंज नव्हती. तिकडं असतं तसंच सगळं.

मी वाशीमच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. माहेर कारंज्याचं, घरचं कापडाचं दुकान, त्यामुळं तोंडाळपणा दुकानातच शिकले. सरांना रेडिओवर बसायला आणि इंग्रजी कागदांचं मराठी करून सांगायला कोणीतरी हवं होतं. मी महिन्यातले पाच दिवस जायला लागले. माझं यात एवढंच.

सरांची पहिली शिकवण बोलून नव्हे, बघून कळायची. त्यांच्या दारात कुठलीही गाडी तोंड आत करून उभी राहिलेली मी पाहिली नाही. जीप असो, ट्रॅक्टर असो, पाहुण्याची स्कूटी असो, नाक रस्त्याकडे. पळायची वेळ आली तर वळवत कोण बसेल? देवळात गेले तर चपलासुद्धा तोंड बाहेर करून काढायचे. त्यांच्या बायकोचं, शांताकाकूंचं, म्हणणं होतं की हा माणूस देवापुढं हात जोडतो तेव्हाही एक डोळा दारावर असतो.

एकदा जवळच्या मालेगावला त्यांच्या भाचीच्या लग्नाला मी गेले होते. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ आणि मामाच सापडेना. शोधलं तर सर कार्यालयाच्या मागच्या बाजूला. तीन दारं होती. एकापुढं खुर्च्यांची चळत, एकाला कुलूप, आणि पाचशे माणूस एका दारानं आत आलेलं. सर व्यवस्थापकापुढं उभे. तो म्हणतोय, चावी घरी आहे, आणतोच. ‘आणतोच’ म्हटल्यावर संपलंच. भटजी घड्याळ दाखवतायत, नवरीचा बाप हात जोडतोय, “मामा, मुहूर्त टळून राह्यला.” सर म्हणाले, “टळू द्या. अगोदर कुलूप.” शेवटी कोणीतरी दगडानं कुलूप तोडलं, तेव्हा मामा अक्षता घेऊन मांडवात आले. नातेवाइकांनी त्यांना नंतर वर्षभर टोमणे मारले. आग वगैरे काही लागली नाही. लोक जेवले आणि आपापल्या घरी गेले. मागचं दार उघडल्यानं वारा चांगला आला, असं तेवढं बायका म्हणत होत्या.

शिकवताना मात्र ते वेगळे दिसायचे. आवाज चढत नसे, उलट खाली जायचा, आणि वीस माणसं श्वास रोखून ऐकायची. नाक्यावर हत्यारबंद माणसांनी गाडी अडवली तर काय करायचं, याचा सराव तिसऱ्या दिवशी असायचा. गावातलेच चार-पाच जण तोंडाला रुमाल बांधून, हातात तुराट्या बंदुकीसारख्या धरून वाटेत उभे राहायचे. सरांचं वाक्य ठरलेलं, “हात दिसू द्या, दात नका दिसू देऊ.” म्हणजे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि उगाच हसायचं नाही. एका बॅचला किसनबुवा नावाचे सत्तरीचे गृहस्थ बंदूकधारी होते. त्यांनी तुराटी रोखून गाडी थांबवली, चार शिव्या दिल्या, आतल्या नर्सबाईचा घामानं डबडबलेला चेहरा पाहिला आणि त्यांना राहवलं नाही. तुराटी खाली न घेताच ते म्हणाले, “माय, च्या घेतं का वं?” सगळ्या बॅचला हसू फुटलं. मला वाटलं, आता सर म्हाताऱ्याला झापणार. ते शांतपणे पुढं आले आणि नर्सबाईला म्हणाले, “हसू नको. तिकडं बी असेच विचारतेत. बंदूक रोखून च्या विचारला तर घेशीन का नाई घेशीन? सांग.” दुपारभर त्याच एका चहावर खल झाला, आणि तेव्हापासून किसनबुवांचा चहा अभ्यासक्रमातच बसला.

या ‘च’मागं काहीतरी मोठी घटना असणार, असं मला वाटायचं. वाळवंट, वायरलेस, कोणीतरी मेलेला मित्र. एकदा जेवताना मी खोदून विचारलं. सर भाकरी मोडत राहिले. उत्तर शांताकाकूंनी दिलं.

“घटना कायची वं. मले फोन करे. दिवाळीले येतो का म्हनलं, का म्हने, आलोच. मी फराळ करू. पोरगी दारात उभी राहे. अशा पाच दिवाळ्या आलोच.”

मी हसले. मग पाहिलं, तर दोघांपैकी कोणीच हसत नव्हतं. सर उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळापाशीच थांबले. काकू म्हणाल्या, “घे, कढी घे.”

आता तो दिवस.

मार्चचा शेवट होता, ऊन तापलेलं. बॅचचा शेवटचा दिवस आणि शेवटचा सराव. दोघांनी एक जीप घेऊन घाटातून वनखात्याच्या जुन्या रिकाम्या चौकीपर्यंत जायचं, तिथं तासभर पाहणी करून टिपणं काढायची, आणि परत यायचं. नियम साधा. वाटेत असेपर्यंत दर दहा मिनिटांनी रेडिओवर बोलायचं. एक जरी वेळ चुकली तरी मी सरांना सांगायचं आणि शोध सुरू. मात्र चौकीत पोचल्यावर तासभर बोलायची गरज नाही. म्हणजे मी फळ्यावर ‘पोचले’ लिहिलं की घड्याळ थांबलं.

जीप चालवत होता मंगेश राऊत, रिसोडकडचा, अठ्ठावीस-एकोणतीसचा असेल. आधी ट्रक चालवायचा. संस्थेत ड्रायव्हर म्हणून त्याची निवड झाली होती, पुढच्या महिन्यात जाणार होता. शेजारी रेडिओ घेऊन नर्स सुनंदा वानखडे. दोघंही बॅचमधले हुशार. सरांनी त्यांना मुद्दाम शेवटी पाठवलं.

अकरा दहाला सुनंदाचा आवाज आला. “मॅडम, पोचलोच आमी.”

माझ्यापुढं कॉलेजच्या चाचणीचे पेपर होते. दोन दिवसांत द्यायचे होते म्हणून मी ते सोबत आणले होते आणि रेडिओजवळ बसून तपासत होते. तो ‘च’ मला ऐकू आला नाही असं मी आजवर दोन-तीन ठिकाणी सांगितलं आहे. ते खरं नाही. ऐकू आला होता. मी उठले, फळ्यावर ‘११.१० पोचले’ असं लिहिलं आणि पुढचा पेपर घेतला. जन्मभर ज्या शब्दाचा अर्थ मला माहीत होता, तो त्या क्षणी मी व्याकरणाच्या पुस्तकासारखा वाचला.

सर दुसऱ्या गटाला घेऊन नाल्यापलीकडं होते. बारा वाजून पाच मिनिटांनी ते आत आले, माठातलं पाणी घेतलं आणि पिता पिता फळ्याकडं पाहिलं.

“अकरा दहाले पोचले?”

“हो.”

“घाटात दोन वळनं रस्ता उखडेल हाये. अकरा दहाले कसे पोचतीन?” मग पेला खाली ठेवून, अगदी हळू, “मॅडम, पोचलो म्हनले का पोचलोच म्हनले?”

हातात लाल पेन तसाच. मी म्हटलं, “पोचलोच.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रेडिओ उचलून तीनदा हाक दिली. नुसती खरखर. दोरी, पाणी, औषधांची पेटी, दोन धडधाकट माणसं, एवढं गोळा करायला त्यांना चार मिनिटं लागली असतील. ते दारातून बाहेर पडले आणि माझा हात फळ्याकडं गेला. कसा गेला ते विचारू नका. डस्टर हातात होतं. ‘पोचले’ पुसून तिथं ‘वाटेत’ लिहिलं की झालं, एवढाच विचार डोक्यात होता. सर दारातून परत वळले होते.

“मॅडम. ते तसंच राहू द्या.”

आणि गेले.

त्यानंतरची मिनिटं मी त्या फळ्यासमोर काढली. बाहेर बॅचचे बाकीचे उभे, कोणी आत येईना. रेडिओवर सर बोलत होते, ठरल्या वेळी, एकाच सुरात.

“पयलं वळन. काही नाई.”

मी कागदावर लिहून घेत होते.

“दुसरं वळन. काही नाई.”

“तिसरं. टायरच्या खुना हायेत. पुढं जाऊन राह्यलो.”

मग खरखर. मी देवाचं नाव घेतलं, आणि मी तशी फार देव-देव करणारी नाही. मनात एकच हिशेब चालला होता. अकरा वीसला पुढचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. त्याला आता सव्वा तास झाला होता.

“चवथं वळन. कठडा तुटेल हाये. खाली उतरून राह्यलो.”

यानंतर सात मिनिटं काही नाही. मी उभीच होते. बाहेर कोणीतरी रडत होतं.

“दोघं बी जिते हायेत. पोराचा पाय गाडीखाली हाये. ॲम्ब्युलन्स फाट्यावर बोलवा. लिहून घ्या मॅडम, बारा बेचाळीस.”

मी एकाला फाट्यावरच्या दुकानातून फोन करायला पिटाळलं आणि लिहिलं. बारा बेचाळीस.

सुनंदाचा हात मोडला होता आणि रेडिओ नाल्यात फुटला होता. तशाच एका हातानं तिनं ओढणी मंगेशच्या डाव्या मांडीला बांधली, तिच्यात जीपमधला पाना अडकवून पिळला आणि रक्त थांबवलं. मग काजळाच्या पेन्सिलीनं त्याच्या कपाळावर वेळ लिहिली. पट्टी किती वाजता आवळली ते डॉक्टरला कळावं म्हणून ती कपाळावर लिहायची, हे सरांनी दुसऱ्या दिवशी शिकवलं होतं. फाट्यावर स्ट्रेचर ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना मी वाचलं. ११.२२.

अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जीव वाचल्याचं श्रेय त्या ओढणीला दिलं, पण डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सरांनी विचारलं, “पाऊन तास अगोदर आनला असता तर?” डॉक्टर सभ्य माणूस. म्हणाले, तसं ठाम सांगता येत नाही. सर हलले नाहीत. “अंदाजानं सांगा.” डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “प्रयत्न करता आला असता.” सर म्हणाले, “बरं,” आणि ते वाक्य त्यांनी खिशातल्या वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं.

आठवड्यानं मंगेशची आई मेडशीला आली. सोबत त्याचा काका. बाई बारीक, डोक्यावर पदर, खुर्ची दिली तरी खाली पोत्यावरच बसली. सरांनी तिच्यापुढं बसून सगळं सांगितलं, मिनिटा-मिनिटानं. रस्ता कोणी निवडला, कठडा कसा होता, रेडिओवर काय शब्द आला, फळ्यावर काय लिहिलं गेलं, पाऊण तास कसा वाया गेला. काही सौम्य केलं नाही, काही वाढवलं नाही. फळा अजून भिंतीवर होता. बाईला वाचता येत नव्हतं, म्हणून सरांनी तेही वाचून दाखवलं.

तिनं विचारलं, “थ्या मशीनवर कोन बसलं होतं?”

सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. जमिनीकडं बघत ते नुसते थांबले, आणि मला कळलं की हा माणूस माझं नाव सांगणार नाही आणि दुसरं कोणाचंही सांगणार नाही. तो मला वेळ देतोय.

“मी,” मी म्हणाले. “मी पेपर तपासत होते. मला बरोबर ऐकू आलं होतं. मी चूक लिहिलं.”

तिनं शिवी दिली असती तर मी खाली मान घालून घेतली असती.

“कायचे पेपर?”

“इंग्रजीचे.”

“पास झाले का पोट्टे?”

तिला उत्तर लागतही नव्हतं बहुतेक. ती उठली, काकाच्या आधारानं बाहेर गेली. सर तिची पिशवी घेऊन फाट्यापर्यंत मागं मागं चालत गेले.

दिल्लीहून चौकशी आली. सरांचा अहवाल मीच इंग्रजीत केला, हे एक वेगळंच प्रायश्चित्त. त्यात लिहिलं होतं की रेडिओवरच्या बाईंनी चुकीची नोंद केली. बाई पेपर आणतात हे प्रशिक्षकाला माहीत होतं, त्यानं हटकलं नाही. कठडा कच्चा आहे हेही प्रशिक्षकाला माहीत होतं, त्यानं रस्ता बदलला नाही. शेवटी सरांचे शब्द, ‘तीन चुका, त्यांतल्या दोन माझ्या, म्हणून हे काम मी थांबवतो.’ खाली सही.

आणि खरं सांगते, मला त्यांचा राग आला. आपल्याकडं मोठ्या माणसानं पांघरूण घालायची रीत आहे. ‘रेडिओ बिघडला होता’ एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर कोणाचं काय जात होतं? माझं नाव दिल्लीच्या कागदावर गेलं. मी तणतणत भाषांतराखाली सही केली आणि वाशीमला निघून आले. त्यांचे दोन फोन आले, मी घेतले नाहीत. शांताकाकूंनी संक्रांतीला तिळगूळ पाठवला, त्याचंही उलट काही कळवलं नाही. रात्रंदिवस मनात ज्याचा पाय होता त्याला भेटायला जाण्याचं धाडस नव्हतं, म्हणून जो खरं बोलला त्याच्यावर रुसून बसले. दोन वर्षं अशी काढली.

यंदा सोयाबीन निघून गेल्यावर एका कामासाठी अकोल्याला गेले होते. परत येताना दुपारची एसटी मेडशीच्या फाट्यावर थांबली. खिडकीतून सरांचं शेत दिसतं. शेत रिकामं, नांगरलेलं नाही, आणि मधोमध सर उभे. रस्त्याकडं तोंड, हात मागं बांधलेले. त्यांच्या पाठीमागून एक जीप सरळ त्यांच्या अंगावर येत होती. हळू, माणूस चालतो तशी, पण येत होती. सर वळून बघत नव्हते. हातभर अंतर राहिलं तेव्हा जीप गचका खाऊन थांबली. सर दहा पावलं पुढं आले आणि पुन्हा तसेच पाठ करून उभे राहिले.

माझ्या मागच्या सीटवरचा कोणी म्हणाला, “मातारं पागल झालं वाटते.” कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली. मी ओरडून गाडी थांबवली आणि उतरले.

सर थकलेले दिसले. खांदे उतरले होते. मी म्हटलं, “सर, हे काय चालवलंय?”

“सोमवारी मंगेशची वाशीमले परीक्षा हाये लायसनची. डावा पाय नाई म्हनून क्लच हातावर करून घेतला मालेगावले. गाडी त्याले येते मॅडम. मानूस समोर आला का आपल्या हातून याले लागीन म्हनून थिजून जाते. ब्रेक मारनं होत नाई.”

“मग पोतं ठेवा समोर. भिंत आहे गोडाऊनची.”

“पोत्यापुढं रोज थांबते. पोत्याचं भ्याव नाई ना त्याले.”

“आणि नाही थांबला तर?”

“पयल्या गिअरात हाये. पडीन मी, खरचटीन. मोजलं मी ते.” जरा थांबून म्हणाले, “अजून पुरतं नाई मोजता आलं.”

जीपमधून मंगेश बघत होता. दाढी वाढलेली, चेहरा भरलेला. त्या सकाळनंतर मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. काय बोलायचं ते दोन वर्षं मनात घोटून ठेवलं होतं. तोच आधी बोलला.

“मॅडम, बाजूले व्हा. सर उभे हायेत.”

मी पर्स बांधावर ठेवली. सरांच्या शेजारी जाऊन जीपकडं पाठ करून उभी राहिले. सर अर्धं पाऊल सरकले, मला जागा दिली. मागं इंजिन नुसतंच सुरू राहिलं, बराच वेळ. मला माझ्या दोन्ही पायांची नको तेवढी जाणीव होत होती.

“मागं पाहू नका,” सर हळूच म्हणाले. “पाह्यलं का त्याले वाटते, आपल्यावर यांचा भरोसा नाई.”

मागं गिअर पडला. माती चुरडल्याचा आवाज जवळ यायला लागला. मी मागं पाहिलं नाही. पण शेजारी पाहिलं, आणि सरांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.